पाटी कोणासाठीं?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं बांधकाम निघालेलें असेल. कोणाचा पुण्यांतील जुना वाडा पुनर्विकासाला गेला असेल, कोणी धाकट्या चिरंजीवांसाठीं वर एक मजला चढवीत असेल, कोणी गांवाकडे चार खोल्या काढीत असेल. वास्तुशांतीचा मुहूर्त, फरशीचा रंग, देवघराचें तोंड कोणीकडे असावें, यांवर घरोघर रात्री जागविल्या जातात. ज्या विषयावर कोणी घटकाभरही बोलत नाहीं, त्या विषयावर आज चार शब्द लिहावयाचे आहेत. तो विषय म्हणजे बांधकामाच्या जागीं लावावयाच्या धोक्याच्या पाट्या. विषय रुक्ष वाटेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु आम्हांस तो आमच्याच अंगणांत शिकावा लागला, आणि त्या शिक्षणाची फी दुसऱ्याच कोणीं तरी भरली.

शिक्रापूर आतां पूर्वींचें राहिलेलें नाहीं. पुणें-नगर रस्त्यास चाकणकडून येणारा रस्ता येथें मिळतो. एका अंगास सणसवाडी व कोरेगांव, दुसऱ्या अंगास रांजणगांव. तेथील कारखान्यांत कामास येणाऱ्यांना राहावयास खोल्या हव्यात, म्हणून ज्या शेतांत आम्हीं लहानपणीं हुरडा खाल्ला तेथें आतां चार-चार मजल्यांच्या इमारती उठत आहेत. सकाळीं चौकांत उभें राहिलें तर मराठवाड्यांतली बोली, बिहारची बोली, उत्तर प्रदेशाची हिंदी, मधूनच बंगाली किंवा उडिया, असें सर्व कानांवर पडतें. घमेलें व थापी मात्र सर्वांच्या हातांत एकच.

तीन वर्षांपूर्वीं आम्हींही जुन्या घरावर मजला चढविण्यास काढला आणि त्याबरोबर अंगणांत जमिनीखालीं पाण्याची टाकी बांधावयाचें ठरविलें. टाकीचा खड्डा आठ फूट खोल खणून झाला. सळया यावयाच्या होत्या, त्या आल्या नाहींत. खड्डा तसाच उघडा राहिला. ठेकेदारास म्हटलें, तर "गुरुजी, उद्यां बांबू लावून घेतों," असें उत्तर मिळालें. हा उद्यां नऊ दिवस लांबला. तेव्हां कांहींतरी केलें पाहिजे म्हणून, आम्हांस जें येतें तें आम्हीं केलें. पस्तीस वर्षें शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिण्यांत गेलेला हात! एक सागवानी फळी घेतली, तिला पांढरा रंग दिला, आणि निळ्या रंगानें सुंदर बाळबोध अक्षरांत लिहिलें: 'सावधान! पुढें खोल खड्डा आहे. कृपया डाव्या बाजूनें जावें.' भोंवतीं नाजूक वेलबुट्टी काढली. खड्ड्याजवळ टांगावयास कांहीं नव्हतें, म्हणून पाटी फाटकाच्या खांबास लाविली. जाणारे-येणारे अक्षराची तारीफ करीत, आणि ती ऐकून आम्हांस बरें वाटे, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दहाव्या दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास दोन नवे मजूर कामावर आले. दोघेही बिहारचे, वय वीस-बावीस. त्यांतला एक डोक्यावर विटा घेऊन निघाला तो सरळ खड्ड्यांत गेला. उजव्या पायाची नळी मोडली.

दुसऱ्या दिवशीं रुग्णालयांत त्याच्या खाटेशेजारीं बसून आम्हीं मास्तरी स्वरांत विचारलें, "अरे, एवढी मोठी पाटी तुला दिसली नाहीं?" तो म्हणाला, "देखी थी, गुरुजी. लगा, आपके घर का नाम लिखा होगा." त्यास लिहितां-वाचतां येत नव्हतें, आणि वेलबुट्टीच्या चौकटींत निळीं अक्षरें पाहून त्याचा दुसरा काय समज व्हावा? त्याच्या सोबत्यास मात्र थोडें हिंदी वाचतां येत होतें. त्यानें 'सावधान' हा शब्द नीट वाचलाही होता. परंतु पुण्यांतल्या बंगल्यांच्या फाटकांवर हा शब्द त्यानें पूर्वीं पाहिलेला, आणि तेथें तो नेहमीं कुत्र्यासंबंधीं असतो. म्हणून तो बिचारा कुत्रा कोठून अंगावर येतो, हें पाहत चालला होता! पुढील शब्द त्यास लागले नाहींत. 'खोल' म्हणजे हिंदींत 'उघड'; 'डावें' म्हणजे काय, तें त्यास ठाऊक नाहीं; आणि 'खड्डा' हा तिकडे 'गड्ढा' असतो.

घरीं रात्रीं बैठक बसली. आमचे वडील बंधू म्हणाले, "मजूर ठेकेदाराचा. खर्च त्यानें करावा." वाद हिशेबास धरून होता, आणि आम्हांसही तो मनांतून पटत होता. इतक्यांत सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या आणि एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, खड्डा आपल्या अंगणांत आहे." त्यापुढें कोणी बोललें नाहीं. रुग्णालयाचा खर्च आम्हीं केला. ठेकेदारानें थोडेसे पैसे दिले. पण चार महिने त्या मुलाच्या हातास काम नव्हतें, आणि गांवीं त्याच्या पैशांवर आई व दोन लहान बहिणी अवलंबून होत्या, हें आम्हांस पुढें कळलें.

आम्हीं ती पाटी कोणासाठीं लिहिली होती, याचा विचार त्यानंतर पुष्कळ दिवस डोक्यांत घोळत राहिला. उत्तर लाजिरवाणें आहे. ती आम्हीं आमच्यासाठीं लिहिली होती. खड्डा उघडा आहे ही टोचणी मनास लागली होती; पाटी लिहिली आणि टोचणी गेली. ज्यानें ती वाचावयाची, तो मनुष्य कोण, कोणत्या वेळीं, डोक्यावर काय घेऊन, कोणत्या बाजूनें येणार, याचा विचार एक क्षणही केला नव्हता.

तेव्हांपासून बांधकामाच्या जागेवरून जातांना आमची नजर प्रथम पाट्यांकडे जाते. या पाट्यांची म्हणून एक स्वतंत्र लिपि आहे, आणि ती फार विचारपूर्वक बसविलेली आहे. वर्तुळ, त्यावर तांबडा तिरपा पट्टा, म्हणजे हें करूं नये. निळें भरीव वर्तुळ, म्हणजे हें केलेंच पाहिजे. त्यांत शिरस्त्राण घातलेलें डोकें असलें तर शिरस्त्राण, बूट असला तर बूट. पिवळा त्रिकोण म्हणजे पुढें धोका आहे. हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित वाट किंवा प्रथमोपचाराची जागा. भारतीय मानक संस्थेनें ही पद्धति १९८० सालीं ९४५७ क्रमांकाच्या मानकांत सांगितली, आणि २००५ सालीं तीत सुधारणा झाली. रंगाबरोबर आकारही ठरविला आहे, यांत शहाणपण आहे. कित्येक पुरुषांना तांबड्या-हिरव्यांतला भेद जन्मतःच दिसत नाहीं, आणि संधिप्रकाशांत तर तो कोणासच नीट दिसत नाहीं. पण त्रिकोण तो त्रिकोणच राहतो.

अक्षर सोडून चित्राकडे वळण्याची ही कल्पना जुनी आहे. १९०९ सालीं पॅरिस येथें मोटारींच्या वाहतुकीसंबंधीं राष्ट्रांची परिषद भरली, तींत रस्त्यावरील चार चिन्हें सर्वसंमत झालीं: वळण, उंचवटा, चौरस्ता आणि रेल्वेचें फाटक. मोटार एका देशांतून दुसऱ्या देशांत तासाभरांत जाऊं लागली, आणि हांकणाऱ्यास दर सीमेवर नवी भाषा कोण शिकविणार? आपल्याकडे तर सीमा ओलांडावी लागत नाहीं. एकाच स्लॅबवर चार भाषा उभ्या असतात. आपल्या १९५६ च्या विद्युत नियमांतील ३५ वा नियम या दृष्टीनें पाहण्यासारखा होता. अधिक दाबाच्या विजेच्या यंत्रावर धोक्याची सूचना हिंदी किंवा इंग्रजींत लिहावी, शिवाय त्या जिल्ह्याच्या भाषेंत लिहावी, आणि वर कवटी व हाडें काढावींत, असें तो सांगे. म्हणजे दोन भाषा दिल्या, आणि दोन्ही न येणाऱ्यासाठीं तिसरी दिली. नियम करणारा मनुष्य कोणी का असेना, त्याच्या डोळ्यांपुढें खांबाखालचा निरक्षर मनुष्य उभा होता, यांत संशय नाहीं.

मात्र चित्र काढलें म्हणजे तें आपोआप कळतें, हाही एक भ्रमच. कवटीचेंच घ्या. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें १९७१ सालीं विषाच्या बाटल्यांवरील कवटी सोडून आंबट तोंड केलेला एक हिरवा चेहरा लावण्यास आरंभ झाला. कारण लहान मुलांस कवटी पाहून भय न वाटतां समुद्रावरच्या चाच्यांची मौज आठवे. आमच्या नातवाच्या सदऱ्यावरही एक कवटी आहे, आणि ती त्यानें वाढदिवसास हट्टानें मागून घेतलेली आहे! आम्हांस आलेला अनुभव याहूनही बोलका आहे. अपघातानंतर आमच्या नातीनें पिवळ्या त्रिकोणांत पाय घसरून पडणारा मनुष्य काढून दिला. यावेळीं आम्ही शहाणे झालों होतों. टांगण्यापूर्वीं ती पाटी कामावरच्या एका बाईस दाखविली आणि विचारलें, "काय दिसतें?" ती म्हणाली, "नाचतोय की!"

चिन्हाचा अर्थ मग मनुष्यास कळतो तरी कसा? हा प्रश्न आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं शब्दाच्या बाबतींत फार बारकाईनें विचारलेला आहे. व्याकरण, कोश, आप्तवाक्य अशीं अनेक साधनें त्यांनीं सांगितलीं. पण बालकाच्या बाबतींत सर्वांत मुख्य साधन म्हणून वृद्धव्यवहार सांगितला. येथें वृद्ध म्हणजे म्हातारा नव्हे, भाषा जाणणारा. एक जाणता दुसऱ्या जाणत्यास म्हणतो, "गाय आण." दुसरा उठतो आणि गाय घेऊन येतो. कोपऱ्यांत बसलेलें मूल हें पाहतें. मग पहिला म्हणतो, "गाय बांध, घोडा आण," आणि त्याप्रमाणें घडतें. तेवढ्यावरून मुलास 'गाय' कोणती, 'आण' म्हणजे काय, हें उमगतें. त्यास कोणी शब्द शिकविला नाहीं. शब्द ऐकून जाणत्यानें काय केलें, तें त्यानें पाहिलें.

हेंच आतां बांधकामावर लावून पाहावें. रस्त्यालगतच्या एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर आम्हीं पाहिलेली पाटी चांगली पुरुषभर उंच होती. तिच्यावर अकरा चिन्हें, सर्वांखालीं इंग्रजी मजकूर, आणि शिरोभागीं 'सेफ्टी फर्स्ट'. निळ्या वर्तुळांत शिरस्त्राण घातलेलें डोकें. त्या चिन्हाखालून एक तरुण अभियंता उघड्या डोक्यानें मोबाईलवर बोलत आंत गेला. त्यामागून मुकादम; त्याचें शिरस्त्राण मोटारसायकलच्या आरशास लटकत होतें. मागून वीस मजूर. आतां आमच्या शास्त्रकारांच्या न्यायानें, त्या वीस जणांस निळ्या वर्तुळाचा अर्थ काय कळला असेल? 'शिरस्त्राण घालावें' हा खचित नव्हे. 'साहेब तपासणीस यावयाचे असतील त्या दिवशीं शिरस्त्राण घालावें' हा कळला असेल. आणि कोपऱ्यांतल्या मुलाप्रमाणें, त्यांनीं तो अगदीं अचूक शिकून घेतला असेल. मजूर अडाणी आहेत, त्यांना कितीही सांगा, ऐकत नाहींत, असें आपण म्हणतों. आमच्या मतें ते फार चांगले विद्यार्थी आहेत. धडा गिरवून दाखविणारा चुकतो.

याच जागेवर, तिसऱ्या मजल्यावर, बांबूस काळी बाहुली टांगलेली होती. ती कोणत्याही बांधकामावर कधीं राहून जात नाहीं, आणि तिचा अर्थ कोणास सांगावा लागत नाहीं. बिहारी, मराठी, बंगाली, सर्वांस तो ठाऊक; कारण ती टांगणारा मनापासून टांगतो.

आमच्या या पुणें-नगर रस्त्यावरही एक चिन्ह आहे, जें कोणत्या मानकांत नाहीं पण सर्वांस कळतें. मालमोटार बंद पडली कीं तिच्या मागें वीस-पंचवीस पावलांवर दगडांची रांग मांडतात आणि झाडाची हिरवी फांदी खोंचतात. रात्रीं हे दगड दिसत नाहींत, ही एक गोष्ट. दुसरी त्याहून वाईट. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड तेथेंच राहतात; म्हणजे धोका सांगावयास मांडलेले दगडच पुढें धोका होऊन बसतात. पाट्यांचेंही असेंच होतें. खड्डा बुजून वर फरशी बसली तरी 'पुढें खड्डा' ही पाटी सहा महिने लटकत असते. शेतांतलें बुजगावणें हालत नाहीं असें एकदां कळलें, म्हणजे कावळे त्याच्याच डोक्यावर बसतात. खोटी ठरलेली एक पाटी आजूबाजूच्या दहा खऱ्या पाट्यांस खोटें पाडते.

पाटीकडून अवास्तव अपेक्षाही करूं नये. पुण्यांत कोंढवा येथें २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पावसांत एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोंपड्यांवर कोसळली आणि १५ माणसें गेलीं. त्यांत लहान मुलेंही होतीं. २०२२ च्या ३ फेब्रुवारीस रात्रीं येरवड्याच्या शास्त्रीनगरांत बांधकामावरील लोखंडी सळयांचा सांगाडा कोसळून पांच मजूर मेले. दोन्ही ठिकाणचे बहुतेक जीव बिहारांतून पोट भरावयास आलेले होते. तेथें पाटी असती तर काय झालें असतें? कांहीं नाहीं. झोंपलेला मनुष्य पाटी वाचत नाहीं, आणि कच्ची भिंत पाटी लावल्यानें पक्की होत नाहीं. धोका आधीं काढून टाकावा. काढतां येत नसेल तर झांकावा. झांकतां येत नसेल तर त्याभोंवतीं कठडा घालावा. आणि इतकें करून जें उरेल, त्यासाठीं पाटी. आम्हीं उलट्या टोकाकडून आरंभ केला होता. दोनशें रुपयांचे चार बांबू बांधले असते तर पाटी लिहिण्याचें कारणच उरलें नसतें.

कायदा काय म्हणतो, असें कोणी विचारील. बांधकाम कामगारांसाठीं १९९६ सालीं केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. परंतु दहांहून कमी मजूर असलेलीं कामें, आणि मनुष्यानें स्वतःच्या राहण्यासाठीं १० लक्ष रुपयांपर्यंत खर्चून केलेलें बांधकाम, हीं त्यांतून वगळलेलीं होतीं. २०२० सालीं संसदेनें संमत केलेल्या संहितेंत तो कायदा सामावला गेला आणि घराच्या बाबतींतली मर्यादा ५० लक्ष झाली. म्हणजे ज्यांचा आम्हीं आरंभीं उल्लेख केला, त्या आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या अंगणांत या कायद्याचा अधिकारी येणारच नाहीं. तेथें काय तें आपणच पाहावयाचें.

आम्हीं पुढें काय केलें, तेंही सांगतों. ठेकेदाराशीं बोलून दर सोमवारीं काम सुरू होण्यापूर्वीं दहा मिनिटें मागून घेतलीं. नातीनें नवीं चित्रें काढलीं. पडणारा मनुष्य या वेळीं खड्ड्याच्या कांठासकट दाखविला, म्हणजे तो नाचेनासा झाला. एकेक चित्र हातांत घेऊन आम्ही विचारीत असूं, हें काय? उत्तर चुकलें तर चित्र बदलीत असूं, मजुरास बदलीत नसूं. मराठवाड्यांतील एका बाईनें सुचविलें कीं पाटी डोक्याच्या उंचीवर नको, कमरेच्या उंचीवर हवी. डोक्यावर ओझें असलेल्या माणसास मान वर करतां येत नाहीं. पस्तीस वर्षें शिकविलें, पण इतकी उपयुक्त सूचना आमच्या एकाही तपासणी-अधिकाऱ्यानें आम्हांस केली नव्हती. शिरस्त्राणें पहिल्या आठवड्यांत कोणी घालीना. मग आम्हीं स्वतः एक पिवळें विकत आणलें आणि अंगणांत उतरतांना घालूं लागलों. सूनबाई तोंडाला पदर लावून हंसत, शेजारचे "गुरुजी, लढाईस निघालां काय?" म्हणून विचारीत. तिसऱ्या सोमवारीं मुकादमानें आपलें शिरस्त्राण आरशावरून काढलें.

तो मुलगा गांवाहून परत आला आहे. उजवा पाय किंचित आंखडतो, त्यामुळें परांचीवर चढण्याचें काम त्यास जमत नाहीं. येथल्याच एका नव्या इमारतीवर रात्रीचा रखवालदार म्हणून राहिला आहे. दिवाळींत फराळास आला, तेव्हां टाकीच्या लोखंडी झांकणावर उभा राहून त्यानें पायानें तें दोनदां ठोकून पाहिलें.

आमची ती सागवानी पाटी बरेच दिवस माळ्यावर पडून होती. गेल्या थंडींत सौभाग्यवतींनीं ती फोडून बंबांत घातली. अक्षर खरोखरच चांगलें आलें होतें.